व्याधिकाळातील कालक्षेप

मार्गाच्या आचारात पायांना मोठे स्थान आहे. अटन पायांनी घडते, भिक्षेसाठी दारोदार जाणे पायांनीच होते, आणि स्थानवंदनाला निघालेला वासनिक ओट्यासमोर दंडवत घालतो तेव्हा त्याचे गुडघेच आधी भूमीला लागतात. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे चरित्र हे बहुतांशी परिभ्रमणाचे चरित्र आहे. लीळाचरित्र वाचताना वाचक एका गावाहून दुसऱ्या गावी सतत चालत असतो. म्हणून या मार्गातील एखाद्या भिक्षूचा अथवा उपदेशी गृहस्थाचा गुडघा निकामी होऊन त्याला महिनोन् महिने एका जागी बसावे लागले, म्हणजे त्याच्यापुढे केवळ वेदनेचा प्रश्न उभा राहत नाही. वेदनेला औषध असते. 'आता आचाराचे काय?' या प्रश्नाला वैद्याकडे औषध नसते, आणि तोच त्याला रात्री अधिक जागवतो.

हा प्रश्न आज घरोघरी आहे. गुडघा म्हणजे मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी यांचा सांधा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आच्छादन असते. लोक तिलाच 'गादी' म्हणतात. साध्या चालण्यातही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, आणि जिना चढताउतरताना तो त्याहून वाढतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे कातडीची जखम भरते तशी तिची झीज भरून येत नाही. पूर्वी अशा मनुष्याने उरलेले आयुष्य काठी टेकीत काढावे, एवढेच त्याच्या हाती असे. १९६८ ते १९७४ या वर्षांत कृत्रिम गुडघ्याची रचना पुष्कळ सुधारली, पुढे ती शस्त्रक्रिया भारतात रुळली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हापासून मध्यम स्थितीच्या घरांनाही हा उपाय पूर्वीपेक्षा आवाक्यातला झाला. परंतु शस्त्रक्रिया झाली तरी त्यानंतरचे कित्येक आठवडे घरीच काढावे लागतात, आणि पूर्ववत् बळ यायला महिने लागतात. शस्त्रक्रियेवाचून उपचार घेणाऱ्यालाही विश्रांतीचा काळ चुकत नाही. हे दिवस कसे जावेत, हा येथे विचार्य विषय आहे.

'क्षेपणे' या शब्दाचा आशय

मराठीत दिवसांविषयी बोलण्याच्या अनेक रीती आहेत. कष्टात माणूस दिवस 'काढतो', आळसात दिवस 'घालवतो', निराशेत दिवस 'ढकलतो'. मार्गाच्या जुन्या भाषेत आणखी एक शब्द आहे, तो 'क्षेपणे'. साधकाने जन्म कसा क्षेपावा, हे स्वामींच्या निरूपणातील एक मुख्य सूत्र होय. या शब्दाच्या मुळाशी संस्कृत 'क्षिप्' हा धातू आहे. त्याचा सरळ अर्थ फेकणे, टाकणे. पण त्याच धातूपासून दोन विरुद्ध आशयांचे शब्द झाले. 'विक्षेप' म्हणजे इकडेतिकडे विखुरणे, चित्त एका ठायी न राहणे. आणि 'निक्षेप' म्हणजे विश्वासाने एखाद्यापाशी ठेवलेली ठेव. धान्याची मूठ वाऱ्यावर टाकली तर ती विखुरते, सरीत टाकली तर ती पेरणी होते. हाताची क्रिया एकच असते. व्याधीचे दिवसही कोणाच्या सांगण्याने थांबत नाहीत. ते टाकले जाणारच. ते विक्षेपात जातात की निक्षेप होतात, एवढेच साधकाच्या हाती उरते.

अडवणूक आणि विजन

येथे एक पूर्वपक्ष सहज पुढे येतो. कोणी म्हणेल, 'परमेश्वराने गुडघ्याच्या निमित्ताने या मनुष्याला बाजारातून, शेतातून, व्यवहारातून काढून एका खोलीत बसवले. हे अनायासे लाभलेले विजनच नव्हे काय? मग त्याने दुःख का करावे?'

हे ऐकायला गोड आहे, पण विचारास टिकत नाही. विजनाला जाणारा साधक संग सोडून निघालेला असतो. येथे या मनुष्याने संग सोडलेला नाही. संगाकडे जाण्याचे साधन तेवढे तुटले आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी या स्थितीचे निदान केलेले आहे. कर्मेंद्रिये आवरून बसलेला, पण मनाने विषयांचे चिंतन करीत राहिलेला मनुष्य भगवंतांच्या मते मिथ्याचारी होय. गुडघ्याने बसवलेल्या मनुष्याने तर इंद्रियेही स्वतः आवरलेली नसतात. गल्लीतून कोण गेले हे तो खिडकीतून पाहतो. समाचाराला कोण आले आणि कोण आले नाही, याचा हिशेब ठेवतो. चहाला उशीर झाला की त्याचा आवाज चढतो. आणि हातातल्या मोबाईलवर साऱ्या जगाची भांडणे त्याच्या अंथरुणापर्यंत येतात. देह एका ठायी आणि चित्त सहस्र ठायी, अशी ही स्थिती आहे. तिला विजन म्हणणे म्हणजे कुलूप लागल्यामुळे उपाशी राहिलेल्याला उपवासाचे श्रेय देणे होय.

परंतु याच्या उलट टोकाला जाऊन 'बसणे म्हणजे व्यर्थच' असे म्हणणेही चूक आहे. मार्गाच्या इतिहासातच त्याचे उत्तर आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर श्रीनागदेवाचार्य रिद्धपुरी वाजेश्वरीच्या ठायी बसून स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. म्हाइंभटांनी ते पाहिले, कशाचे चिंतन चालले आहे असे विचारले, आणि त्या विचारण्यातून लीळाचरित्राचा आरंभ झाला. पुढे म्हाइंभटांनी लीळा जमवण्यासाठी गावोगाव जाऊन, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठले. हा ग्रंथ म्हाइंभटांच्या चालण्याने झाला हे जितके खरे, तितकेच तो आचार्यांच्या बसण्यातून उगवला हेही खरे. आचार्यांचे बसणे कोणी लादलेले नव्हते आणि ते रिकामेही नव्हते. तेव्हा बसण्यात दोष नाही आणि बसण्यात पुण्यही नाही. बसलेला मनुष्य कशाशी बसला आहे, यावर सारे अवलंबून आहे.

आचार सुटल्याचा दोष

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. नेमाने होणारे स्थानवंदन चुकले, आश्रमातील पर्वकाळ चुकला, दंडवत उभ्यानेच करावे लागले. याचा दोष लागतो काय?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत अधिष्ठान, म्हणजे देह, हे एक. कर्ता हे दुसरे. करणे, नाना चेष्टा आणि दैव ही पुढची. पाचांपैकी एक कारण मोडले तर कर्म घडत नाही, हे उघड आहे. परंतु अधिष्ठान मोडल्याने कर्त्याचा वाटा मोडत नाही. ज्याला जावयाचे आहे आणि जाता येत नाही, त्याच्या ठायी न जाण्याचे कर्तृत्व नाही. म्हणून असामर्थ्याचा दोष नाही. दोष असतो तो अनिच्छेचा.

आता, असामर्थ्य कोठे संपते आणि अनिच्छा कोठे सुरू होते, हे कोण सांगणार? वैद्य गुडघ्याचे चित्र पाहून झीज किती हे सांगेल, पण हा भेद त्या चित्रात उमटत नाही. तो त्या मनुष्याचा त्यालाच पाहावा लागतो. त्याची एक साधी खूण आहे. मंडळी यात्रेला निघताना ज्याच्या जिवाला चुटपुट लागते आणि ती परतल्यावर जो खोदून खोदून विचारतो, तो असमर्थ होता. मंडळी निघताना 'बरे झाले, दगदग चुकली' असे ज्याला आत कोठेतरी वाटते, तो गुडघा दुखत नसता तरीही मनाने घरीच बसला असता.

परंतु या चुटपुटीतही एक भेसळ असते आणि ती निवडून काढणे हेच या दिवसांचे कठीण काम आहे. अशा गृहस्थाची कल्पना करावी की ज्याने तीस वर्षांत एकही यात्रा चुकवली नाही. तो हे स्वतः सांगतो, घरचे सांगतात, गावही सांगते. एकतिसाव्या वर्षी गुडघा बसतो आणि तो अंथरुणावर पडून रडतो. हे रडणे कशासाठी आहे? स्वामींच्या स्थानाचा वियोग झाला म्हणून, की तिसावर एकतीस झाले नाहीत म्हणून? वियोगाचे दुःख असेल तर त्याला स्मरण हा उपाय आहे, कारण ज्याचा वियोग झाला त्याचे स्मरण करता येते. मोजणी तुटल्याचे दुःख असेल तर त्याला स्मरणाचा उपाय नाही. कारण स्मरणात मोजणी दाखवता येत नाही आणि ती पाहायला तेथे कोणी नसते. जोवर पाय चालत होते तोवर भक्ती आणि अहंता ही दोन्ही एकाच वाटेने, एकाच वेगाने चालत होती. कोणती पुढे होती हे त्याला कळण्याचे कारण नव्हते. पाय थांबले तेव्हा भक्तीला बसल्या जागी काम उरले आणि अहंता रिकामी झाली. रिकामी झालेली अहंता आक्रोश करते. तो ऐकून साधकाने घाबरू नये आणि स्वतःला धिक्कारूही नये. इतकी वर्षे जे मिसळलेले होते ते आता वेगळे दिसले, हा व्याधीने करून दिलेला लाभ आहे. तो लाभ ओळखणे मात्र त्याचे त्यालाच करावे लागते.

दंडवताविषयीही असेच. कृत्रिम सांधा बसवल्यावर उकिडवे बसणे आणि मांडी घालणे बहुधा वैद्य वर्ज्य सांगतात. म्हणजे बरे झाल्यावरही पूर्वीसारखे दंडवत घडेल असे नाही. खुर्चीवर बसून पोथी ऐकावी लागते. कित्येक वृद्ध या लाजेपायीच आश्रमात येणे सोडतात. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीसाठी प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तिन्ही एकत्र सांगितली आहेत. त्यांपैकी पहिल्याचा देहाने व्हावयाचा भाग अडला म्हणून उरलेली दोन्ही सोडून देणे हे कोणत्याच न्यायाने बरोबर नाही. ज्याला मान लववता येते त्याने मान लववावी, ज्याला हात जोडता येतात त्याने हात जोडावेत. आपल्यापाशी जे आहे त्यातले राखून ठेवू नये, हा दंडवताचा आशय आहे. जे आपल्यापाशी नाही ते कोणी मागितलेले नाही.

उपचार आणि कर्मभोग

तिसरा पूर्वपक्ष असा की, व्याधी हा पूर्वकर्माचा भोग आहे. तो भोगूनच फेडावा, औषधाने अथवा शस्त्रक्रियेने टाळू नये. भिक्षूने तर देहाचे लाड मुळीच करू नयेत.

देहाचे लाड न करणे आणि देहाचा छळ करणे यांत अंतर आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभ आणि अहंकार यांनी युक्त होऊन शरीरस्थ भूतसमुदायाला कृश करणाऱ्या, शास्त्रविहित नसलेल्या घोर तपाचा स्पष्ट निषेध आहे. सुजलेल्या गुडघ्याने, वैद्याने नको म्हटले असता, केवळ निश्चयाच्या बळावर चालत राहणारा वृद्ध भिक्षू पाहणाऱ्याला विरक्त वाटतो. पण निश्चयाने कूर्चा वाढत नाही. तो आज चार कोस चालतो, आणि उद्यापासून त्याला उचलून नेण्याचे काम चार जणांवर येते. ज्या तपाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो, त्याचे श्रेय घेताना विचार करावा.

शिवाय, व्याधी जर कर्माने आली असेल तर वैद्य गावात असणे, औषध मिळणे, मुलाने पैसे जमवणे हे सारे तरी कर्माच्या बाहेरचे कसे म्हणता येईल? तहान लागली असता 'हा भोग आहे' म्हणून कोणी पाणी नाकारीत नाही. कर्मविचार हा स्वतःच्या दुःखात धैर्य यावे म्हणून आहे. तो दुसऱ्याच्या अंथरुणाशी उभे राहून उच्चारला तर धैर्य देत नाही, केवळ निष्ठुरता दाखवतो. समाचाराला येऊन 'काय करणार, ज्याचे त्याचे कर्म' असे म्हणणारा मनुष्य शास्त्र सांगत नाही; तो आपली मदत करण्याची पाळी टाळतो.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, हा मार्गाचा सिद्धांत. देह हा प्रपंचातला आहे. प्रपंचातली वस्तू प्रपंचाच्या नियमाने झिजते आणि प्रपंचाच्या नियमानेच दुरुस्त होते. तिची दुरुस्ती करण्यात जिवाचे काही कमी होत नाही आणि तिच्या झिजण्याने जिवाचे स्वरूप झिजत नाही. हा भेद ज्याला नीट समजला, त्याला औषध घेताना लाज वाटू नये आणि औषधालाच सर्वस्व मानण्याचा मोहही होऊ नये.

उपचारातही एक संयम लागतो. गुडघ्याच्या व्याधीत निव्वळ पडून राहणे हे पथ्य नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस घटलेले आढळले. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वैद्य लवकरच रोग्याला वॉकर धरून उभे करतात. पडल्या पडल्या पाय सरळ ठेवून वर उचलण्याचा, मांडीचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम देतात. तो दुखतो, कंटाळवाणा असतो, आणि त्याचे कौतुक कोणी करीत नाही. ज्याने आयुष्यभर नेमधर्म पाळला त्याला हा नेम पाळणे जड जाऊ नये. परंतु पुष्कळदा असे दिसते की पर्वकाळी कडक उपवास सहज करणारा मनुष्य दहा वेळा पाय उचलायला मात्र टाळतो. उपवास लोकांना दिसतो, पाय उचललेला कोणाला दिसत नाही, हेच त्याचे कारण असावे. युक्त आहार आणि युक्त विहार सांगणाऱ्या गीतेला 'सांगितली तेवढी विश्रांती आणि सांगितले तेवढे चलन' हेच येथे अभिप्रेत आहे, असे समजण्यास हरकत नाही.

घरातली भिक्षा

आतापर्यंतचा विचार एकट्या साधकाचा झाला. पण व्याधी एकट्याची नसते. अंथरुणावर एक असतो आणि त्याच्याभोवती घर फिरत असते. त्यात बहुधा पत्नी असते, सून असते, लेक असते. तिचे दिवस कसे जातात हा प्रश्न या सगळ्या तत्त्वविचाराहून लहान नाही. पाणी गरम करणे, औषधाची वेळ सांभाळणे, वॉकर पुढे सरकवणे, मोरीपर्यंत हात धरून नेणे, आणि त्यातच तिची रोजची कामे. ती शेतकरी घरची असेल तर निंदणीचे दिवसही त्यातच. ज्याच्या गुडघ्याने घराला बसवले त्याने आपल्या कालक्षेपाचा विचार करताना तिच्या काळाचा विचार केला नाही, तर त्याचे स्मरण अपुरे होय.

सेवा घेण्यात दोन चुका होतात. एक, ती मुळीच न घेणे. 'कोणाला त्रास नको' म्हणून एखादा वृद्ध रात्री कोणास न उठवता अंधारात भिंत धरून निघतो आणि पडतो. एका हाकेचा त्रास वाचवण्यासाठी तो महिन्यांचा त्रास घरावर आणतो. यात परोपकाराचा देखावा आहे, पण मुळाशी 'मला कोणाची गरज लागता कामा नये' हा ताठा आहे. दुसरी चूक म्हणजे सेवा हक्काने घेणे. 'एवढे वर्षे मी कमावले, आता एवढे तरी करा', ही भाषा. यात सेवेची परतफेड ठरते आणि सेवा करणारीचे मन मरते.

या दोहोंमधली वाट मार्गाने भिक्षेच्या रूपाने फार पूर्वीच दाखवून ठेवली आहे. भिक्षू मागतो, म्हणजे तो आपली गरज झाकीत नाही. पण जे पात्रात पडेल ते घेतो. हेच हवे, ते नको, असे म्हणत नाही. उशीर झाला म्हणून रागावत नाही. मिळाले नाही तर त्या दाराला शाप देत नाही. गृहस्थाने जन्मभर दाराच्या आतल्या बाजूस उभे राहून भिक्षा वाढलेली असते. व्याधीत तो प्रथमच दाराच्या बाहेरच्या बाजूस येतो, आणि तेही स्वतःच्याच घरात. उसळ आळणी झाली तर ती भिक्षा समजून खावी. हाक मारल्यावर क्षणभर वाट पाहावी लागली तर तो दारापुढचा क्षण समजावा. असे वागणाऱ्या गृहस्थाला भिक्षेचा अर्थ पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

भिक्षेत आणखी एक न्याय आहे आणि तो येथे विसरता कामा नये. भिक्षू घरोघरचा थोडा थोडा घास घेतो. एकाच घरावर भार टाकीत नाही. रोग्याला मात्र एकच दार असते, आणि त्या दारातही पुष्कळदा एकच स्त्री. म्हणून भार वाटून देण्याचे काम रोग्यानेच जाणीवपूर्वक केले पाहिजे. औषध मुलाने द्यावे, व्यायाम नातवाने करून घ्यावा, दुपारी शेजारचा उपदेशी बंधू येऊन बसला तर सुनेने दोन तास निश्चिंत पडावे. हे ज्याचे त्याला सुचेल म्हणून वाट न पाहता त्याने स्वतः सांगावे. 'तू जरा पड, मला आता काही नको' हे वाक्य जो रोज एकदा मनापासून बोलतो, त्याने अहिंसेचा एक लहानसा पण खरा आचार पाळला असे म्हणावे लागेल.

दिवसाची विभागणी

आता प्रत्यक्ष कालक्षेपाविषयी. व्याधीच्या आरंभी वेदना तीव्र असते आणि औषधाची गुंगी असते. त्या दिवसांत दीर्घ पारायणाचे संकल्प करू नयेत. ते मोडतात आणि मोडल्याची खंत वेदनेत भर घालते. तेव्हा नुसते नाम पुरे. शीतोष्ण सुखदुःखे येतात आणि जातात, ती सहन कर, असे भगवंतांनी अर्जुनाला सांगितले. वेदना होत नाही असे मान, असे सांगितलेले नाही. कण्हताना नाम चुकले तर पुन्हा घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

वेदना उतरली म्हणजे नामाच्या जोडीला लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण क्रमाने करता येते. ज्याला चालता येत नाही त्याला स्थानपोथीचा मोठा आधार आहे. स्वामींचे अवस्थान, आसन, विहरण कोठे कोठे झाले, ते स्थान गावाच्या कोणत्या दिशेस आहे, याची नोंद या ग्रंथात केलेली आहे. रोज एक स्थान घ्यावे. ते पूर्वी पाहिलेले असेल तर डोळे मिटून पायरीपायरीने तेथपर्यंत जावे, आणि त्या ठायी घडलेली लीळा आठवावी. जो पूर्वी घाईने, गर्दीत, परतीच्या गाडीची वेळ पाहत वंदन करून निघाला होता, त्याला असा अनुभव येणे अशक्य नाही की त्या स्थानी तो खऱ्या अर्थाने आताच पोहोचला.

अर्थात, आठवायला आधी काही साठवलेले असावे लागते. श्रीनागदेवाचार्यांनंतरच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्याकडून तो ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. हिराइसांच्या विलक्षण स्मरणाचे नाव त्यांच्या पाठाला आजही आहे. पोथी गेली पण पाठ राहिला. देहाच्या बाबतीतही तसेच आहे. पाय जातात, दृष्टी मंद होते, हातांना पोथी पेलवत नाही. त्या वेळी निरोगी काळात जे चित्तात ठेवले तेवढाच निक्षेप हाती येतो. तरुणांनी हे आजच ध्यानात घ्यावे. आणि ज्या वृद्धाने काही साठवले नाही त्याने निराश न होता रोज एक सूत्र तरी ऐकून पाठ करावे. मार्गाचे शास्त्र मराठीत आहे ते याचसाठी. केशवराज आणि पंडित यांनी संस्कृतात प्रश्न केला असता आचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला. नाहीतर साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. अंथरुणावरून उठू न शकणारी आजी आज लीळा ऐकून समजू शकते, ती त्या चिंतेची फलश्रुती होय.

केवळ स्वतःच्या स्मरणात दिवस न घालवता हाताने होणारे काहीतरी घरासाठीही करावे. बसल्या जागी भाजी निवडता येते, धान्यातले खडे काढता येतात, मुलांचा अभ्यास घेता येतो. ज्या वृद्धांना सकळ लिपी वाचता येते त्यांनी या दिवसांत नातवंडांना ती शिकवावी. एरवी शेतीच्या आणि व्यवहाराच्या धावपळीत त्याला कधी सवड होत नाही, आणि जाणकार एकेक करून कमी होत आहेत.

बरे होण्याचा काळ

सर्वांत अधिक सावधपणा लागतो तो शेवटच्या टप्प्यात. वेदनेच्या काळात मनुष्य देवाला आठवतो. बरे होऊ लागला की त्याला दोन मोह पडतात. एक, सारे काही विसरून पूर्वीच्या गडबडीत उडी घेण्याचा. दुसरा, याच्या उलट, आजारपणाची सोय न सोडण्याचा. खुर्ची सुखाची वाटते, पाणी हातात येते, कोणी काम सांगत नाही, आणि 'गुडघा' हे एक उत्तर सर्व प्रश्नांना पुरते. वैद्याने जिना चढायला सांगितले तरी तो चढत नाही. पथ्याला आरंभ असतो तसा शेवटही असतो. तो आला असता पथ्य चालू ठेवणे हा आळस होय, आणि पूर्वी जी असामर्थ्याची सूट होती ती येथे संपते. जेवढे चालता येते तेवढे चालून पूर्वीच्या आचारातले जे शक्य ते पुन्हा धरावे. तीस स्थाने होत नसतील तर तीन करावीत, आणि त्यांची संख्या कोणास सांगू नये.

व्याधीचे दिवस निक्षेप झाले की विक्षेपात गेले, याची परीक्षा पुढे लवकरच होते. आश्रमात पंगत बसते. भिंतीशी एखादी वृद्ध बाई पाय लांब करून बसलेली असते. निरोगी असताना त्याच मनुष्याला ते पाहून वाटले असते की, हिला ठायीठिकाण काही कळत नाही. आता तिच्या गुडघ्यात काय होते आहे हे त्याला ठाऊक आहे. तिने मागण्याच्या आत, कोणाचे लक्ष जाण्याच्या आत, तो एक स्टूल तिच्याजवळ नेऊन ठेवतो, आणि पुढच्या वेळी अशा दहा जणांची सोय आधीच करावी म्हणून महंतांच्या कानी घालतो. ज्याच्याकडून एवढे घडले, त्याचे घरी बसलेले दिवस वाया गेले नाहीत असे निश्चित समजावे.